सहाचं बीट

भिंतीला आधी टिचकी मारायची,
कलिंगड घेताना मारतो तशी.
दस्तगीरमामा म्हणायचे, मशीन मागनं, कान आधी.
लक्ष्मीपुरीत त्यांच्या दुकानापुढं
मी पहिलं वर्ष नुसती वायर गुंडाळली.

वीट सोपी.
कळ हातोडीच्या चित्रावर न्यायची आणि सुरू.
लाल पीठ पडतं पायावर, तालमीतल्या मातीसारखं,
फक्त त्याला तेला-ताकाचा वास नसतो.

काँक्रीटला खांदा लागतो.
राजारामपुरीतल्या नव्या बिल्डिंगीत
अर्धं बीट आत गेलं की मधेच सळी.
आवाज चिडक्या मांजरागत होतो,
टोक निळं पडतं, जळका वास सुटतो.
तिथं ईर्षा करायची नाही.
कोल्हापुरात हे वेगळं सांगावं लागतं.
दोन बोटं सरकायचं, दुसरं भोक पाडायचं,
पहिल्यात पांढरं सिमेंट भरून गप बसायचं.

टाइलवर चिकटपट्टीची फुली.
हॅमर बंद.
"लेकराचा कान टोचतोस असं समज," मामा म्हणायचे,
"दाबू नगंस, नुसता धर."
वरचा चकचकीत पापुद्रा पार झाला
की मगच कळ फिरवायची.
पहिल्या दिवाळीच्या आत मी तीन फोडल्या.
तिसरीवर मोर होता.

सागवानाला हॅमर लावणारा गडी
पांढऱ्या रश्श्यात साखर घालायला कमी करायचा नाही,
हेही मामांचंच.

आणि काळा दगड.
शुक्रवार पेठेत एका जोत्याला कडी बसवायची होती.
पाऊण तास.
पाण्यात टोक बुडवायचं, चर्र व्हायचं, परत लावायचं.
मनगटापासून दाढेपर्यंत सगळं थरथरतंय
आणि पुढ्यात चिमूटभर करडी राख.
मामा चहा पिऊन आले, म्हणाले, "झालं का?"
मी काही बोललो नाही.
दगडही.

परवा सुतार मळ्यात गेलो.
वडणगेकर काकू फोटो पोटाशी धरून उभ्या,
काच बाहेरच्या बाजूला.
भिंतीवर माझ्या छातीइतकी तपकिरी रेघ,
एकोणीस सालच्या पाण्याची.
दोनदा रंग मारला, दोनदा वर आली.
मी स्टूल घेतलं, रेघेच्या वर चांगली दोन हात
पेन्सिलीनं खूण केली.

"खाली घे," काकू म्हणाल्या.
घेतली.
"अजून खाली."
आता ती रेघेवरच आली होती.
"अजून. एवढे उंच नव्हते ते.
मी बसून भाजी निवडती, मला दिसायला नको?"

म्हटलं, काकू, परत पाणी आलं तर?
"आलं तर पहिलं त्यांनाच काढीन.
मागल्या खेपेला काय फ्रीज काढलावता व्हय?"

रेघेखाली टोक टेकवलं.
हॅमर लागलाच नाही, नुसतं फिरवलं
तर भिंतीनं आपण होऊन आत घेतलं.
पीठ आलं नाही.
ओला गारा आला, बोटाला चिकटणारा,
इतक्या उन्हाळ्यांनंतरही
आत नदी तशीच बसलेली.

प्लग खुळखुळायला लागला.
आगपेटीच्या दोन काड्या शेजारी ठोकल्या,
स्क्रू हातानं आवळला, शेवटचा फेरा सोडून दिला.
फोटो लावला. जरा डावीकडं कलला.
सरळ करायला हात पुढं केला
तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे.
डाव्या पायात जोर नव्हता त्यांच्या. असंच उभे ऱ्हायचे."

मग कनवटीची घडी उलगडत विचारलं, किती द्यायचे.
मी वायर गुंडाळायला घेतली,
कोपर, अंगठा, कोपर, अंगठा,
संपली तेव्हा सोडली
आणि परत पहिल्यापासनं गुंडाळली.